विश्लेषण : आई ‘बी’, वडील ‘ओ’ आणि मूल ‘ए’? गुणसूत्रांच्या अदलाबदलीमुळे रक्तगटाचा तक्ता कसा चुकतो?

शाळेच्या जीवशास्त्रात रक्तगटाचा एक तक्ता शिकवला जातो. आईचा गट हा, वडिलांचा तो, मग मुलाचा यांपैकी एक. आई ‘बी’ आणि वडील ‘ओ’ असतील तर मूल ‘बी’ किंवा ‘ओ’ असणार, ‘ए’ नाही. दोघेही ‘ओ’ असतील तर मूल ‘ओ’च. परीक्षेत चार गुण मिळवून देणारा हा तक्ता पुढे आयुष्यात मात्र भलत्याच कामाला वापरला जातो. मुलाचा रक्तगट ‘जुळत नाही’ म्हणून आईच्या चारित्र्यावर शंका घेतली जाते, भांडणे होतात, प्रकरण कोर्टापर्यंतही जाते. तक्ता बहुतेक वेळा बरोबर असतो. पण तो चुकतो तेव्हा नेमका कशामुळे चुकतो, हे ठाऊक असणे त्या घरासाठी फार मोलाचे असते. या चुकण्याचे सर्वात गाजलेले उदाहरण परळमधले आहे, आणि त्याचा उलगडा गुणसूत्रे एकमेकांशी आपले तुकडे कसे बदलतात, या प्रश्नापाशी येऊन थांबतो.

परळमध्ये १९५२ साली काय आढळले?

परळच्या केईएम रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर एक विचित्र रक्त आले. नेहमीच्या चाचणीत ते ‘ओ’ दिसत होते. ‘ओ’ म्हणजे ज्याच्या लाल पेशींवर ‘ए’ही नाही आणि ‘बी’ही नाही. मग त्या व्यक्तीला दुसऱ्या कुणा ‘ओ’ गटाच्या दात्याचे रक्त चालायला हवे. इथे ते चालत नव्हते. ‘ओ’च्या लाल पेशी या रक्ताच्या द्रवात टाकल्या की त्यांच्या गुठळ्या होत. ‘ए’, ‘बी’, ‘एबी’, ‘ओ’ असे कुणाचेच रक्त जुळेना.

या रक्ताचे नमुने लंडनला आर. आर. रेस आणि रूथ सँगर या रक्तगटातल्या जाणकार जोडीकडे गेले. रक्तगटांचे रसायनशास्त्र उलगडणारे मॉर्गन आणि वॉटकिन्स हेही त्यात सहभागी झाले. मे १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यावर भेंडे यांच्यासह सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया ही मुंबईची नावे आहेत. पुढे या गटाला शहराचेच नाव पडले. १९९५ साली शहराचे नाव अधिकृतपणे मुंबई झाले, रक्तगट मात्र जगभर ‘बॉम्बे’च राहिला.

भारतात साधारण दहा हजारांत एकाचा गट ‘बॉम्बे’ असतो असे सांगितले जाते. युरोपात हे प्रमाण दहा लाखांत एक इतके विरळ मानले जाते. मुंबईत रक्तगटांचे काम या शोधानंतर वाढत गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९५७ साली येथे ‘ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर’ सुरू केले. त्याचीच पुढे एनआयआयएच, म्हणजे राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था झाली. ती आजही केईएमच्या आवारातच आहे.

‘बॉम्बे’ रक्तात कमी असते ते काय?

लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या छोट्या साखळ्या असतात. त्या साखळीच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर जोडली की ‘एच’ तयार होतो. ‘एच’वर आणखी एक विशिष्ट साखर चढवली की ‘ए’ होतो, दुसरी चढवली की ‘बी’. काहीच चढवले नाही तर ‘एच’ तसाच उघडा राहतो आणि त्यालाच आपण ‘ओ’ म्हणतो. भिंतीवर खुंटी असेल तर टोपी टांगता येते, तसे हे आहे. ‘ओ’च्या माणसाकडे खुंटी असते, टोपी नसते. ‘बॉम्बे’च्या माणसाकडे खुंटीच नसते.

त्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, त्याच्याकडे ‘ए’ किंवा ‘बी’ बनवणारे जनुक असले तरी ते दिसत नाही, कारण टोपी टांगायला जागा नाही. दुसरी जास्त धोक्याची. ज्या शरीराने ‘एच’ कधी पाहिलेलाच नाही, ते त्याला परका मानते आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. अशा रुग्णाला ‘सर्वांना चालणारे’ म्हणून ‘ओ’ रक्त दिले तर त्या प्रतिपिंडांमुळे दिलेल्या लाल पेशी फुटू लागतात. ‘ओ’च्या पेशींवर तर उघडा ‘एच’ सर्वात जास्त असतो.

‘ओ’ दिसणाऱ्या आईला ‘बी’ मूल कसे?

खुंटी बनवणारे जनुक आणि टोपी बनवणारे जनुक वेगवेगळ्या गुणसूत्रांवर बसलेले आहेत, हे या कोड्याचे पहिले उत्तर. ए-बी-ओचे जनुक ९व्या गुणसूत्रावर आहे. ‘एच’चे जनुक, ज्याला एफयूटी१ म्हणतात, ते १९व्या गुणसूत्रावर.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतले एक आईकडून, एक वडिलांकडून आलेले. अंडबीज किंवा शुक्राणू तयार होताना ही ४६ गुणसूत्रे निम्मी होऊन २३ व्हावी लागतात. यालाच अर्धसूत्री विभाजन म्हणतात. प्रत्येक जोडीतले कोणते गुणसूत्र कोणत्या बीजात जाईल, हे त्या त्या जोडीचे स्वतंत्र ठरते. दादरला उभे राहून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर कोणती गाडी मिळाली, यावरून मध्य रेल्वेच्या फलाटावर कोणती मिळेल हे जसे ठरत नाही, तसेच ९ आणि १९ या गुणसूत्रांचे असते.

म्हणून ‘बॉम्बे’ गटाची आई आपल्यातले न दिसणारे ‘बी’चे जनुक मुलाला देऊ शकते. मुलाला वडिलांकडून चांगले एफयूटी१ मिळते, म्हणजे खुंटी मिळते, आणि आईकडून आलेली ‘बी’ची टोपी तिच्यावर लागलीच टांगली जाते. १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी असेच एक कुटुंब प्रसिद्ध केले. मूळच्या इटालियन कुटुंबातली आई चाचणीत ‘ओ’सारखी दिसत होती, तिच्या अपत्यात मात्र तिच्याकडूनच आलेला ‘बी’ होता. तक्त्यानुसार हे अशक्य. तक्ता एकाच गुणसूत्राचा विचार करतो, एवढाच त्याचा दोष.

इथपर्यंतची गोष्ट वेगवेगळ्या गुणसूत्रांची झाली. मात्र एकाच गुणसूत्रावर शेजारी बसलेली जनुके कायम एकत्रच जातात का? जातात, असे समजले तर पिढ्यान्‌पिढ्या आजोबांचे आख्खे गुणसूत्र जसेच्या तसे नातवंडांपर्यंत आले असते. तसे होत नाही, कारण अर्धसूत्री विभाजनाच्या सुरुवातीलाच गुणसूत्रे आपले तुकडे बदलतात. इंग्रजीतून आलेला ‘क्रॉसिंग ओव्हर’ हा शब्द त्यासाठी मराठी वर्गांतही रुळला आहे.

ही अदलाबदल नेमकी होते कशी?

दोन बारा डब्यांच्या लोकल शेजारच्या रुळांवर उभ्या आहेत अशी कल्पना करा. एक आईकडून आलेली, दुसरी वडिलांकडून. दोन्हींत डब्यांचा क्रम तोच. पहिला, दुसरा, फर्स्ट क्लास, लेडीज, लगेज, सगळे आपापल्या जागी. फरक फक्त आतल्या तपशिलांत. एकीच्या चौथ्या डब्यातला पंखा चालू, दुसरीच्या बंद. जनुकांचेही तसेच. जागा तीच, जनुक तेच, त्याची आवृत्ती मात्र वेगळी असू शकते.

विभाजनाआधी प्रत्येक गाडीची एक हुबेहूब प्रत तयार होते. म्हणजे आता चार गाड्या उभ्या आहेत, दोन आईच्या, दोन वडिलांच्या. मग जोडीदार गुणसूत्रे एकमेकांना शोधतात आणि लांबीभर एकमेकांना चिकटतात. प्रथिनांची एक साखळी दोघांना झिपसारखे बांधून ठेवते. हे जुळणे ढोबळ नसते, डीएनएच्या अक्षरांच्या पातळीवर तपासले जाते. आणि ते तपासण्याची निसर्गाची रीत थोडी धक्कादायक आहे. पेशी स्वतःहून आपला डीएनए तोडते. एसपीओ११ नावाचे प्रथिन डीएनएचे दोन्ही धागे कापते, तेही एखाद्या ठिकाणी नाही, शेकडो ठिकाणी. एरवी एखादा असा काप पडला तरी पेशीत धावाधाव सुरू होते. इथे तो मुद्दाम पाडला जातो.

कापलेले टोक कुरतडून मोकळे केले जाते. आरएडी५१ आणि डीएमसी१ ही प्रथिने त्या मोकळ्या धाग्याला घेऊन जोडीदार गुणसूत्रात शिरतात आणि तिथे अगदी तशीच अक्षरे कुठे आहेत ते शोधतात. जुळणारी जागा सापडली की तिच्यावर बघून तुटलेला भाग पुन्हा लिहिला जातो. बहुतेक वेळा काम तिथेच संपते. भाग दुरुस्त होतो आणि गुणसूत्रे आपापली वेगळी होतात. मोजक्या ठिकाणी मात्र धागे एकमेकांत गुंतून राहतात आणि सोडवताना अदलाबदल होते. आईच्या गाडीचे पहिले पाच डबे आणि वडिलांच्या गाडीचे मागचे सात, अशी नवी गाडी तयार होते. सोबत तिची उलटी जोडही. चारपैकी दोन गाड्या अशा बदलतात, उरलेल्या दोन त्या ठिकाणी तशाच राहतात.

एका शुक्राणूत अशा अदलाबदलीचे सरासरी पंचवीसेक ठसे सापडतात. अंडबीजात ते जास्त, चाळीसच्या आसपास. स्त्री आणि पुरुषांत हा फरक का, यावर संशोधक अजून वाद घालतात. कुठे काप पडेल हेही सगळीकडे सारखे नसते. माणसात पीआरडीएम९ नावाचे प्रथिन डीएनएवरच्या ठरावीक अक्षरमाला ओळखते आणि तिथे खूण करते. त्यामुळे काही जागा ‘गरम’ असतात, तर मधले लांबच लांब पट्टे जवळजवळ शांत.

सूक्ष्मदर्शकातून ही गुंतलेली गुणसूत्रे फुलीसारखी दिसतात. बेल्जियमच्या यान्सेन्स यांनी १९०९ सालीच या फुल्या म्हणजे देवाणघेवाणीच्या जागा असाव्यात, असे म्हटले होते. खरा भौतिक पुरावा १९३१ साली मिळाला. हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्याच्या एका गुणसूत्राच्या टोकाला असलेली गाठ वापरून दाखवले, की गुण बदलतात तेव्हा गुणसूत्राचा तुकडाही खरोखर बदललेला असतो.

अदलाबदल आईच्या आईच्या पोटात?

ही प्रक्रिया आयुष्यात केव्हा घडते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुरुषात ती वयात आल्यापासून सतत चालू राहते. स्त्रीत मात्र ती तिच्या जन्माआधीच उरकलेली असते. मुलीचा गर्भ साधारण तीन महिन्यांचा होतो तेव्हा तिच्या अंडकोशातल्या पेशी अर्धसूत्री विभाजनाला सुरुवात करतात, गुणसूत्रे जोड्या लावतात, तुकडे बदलतात आणि मग तिथेच थांबतात. पुढचे पाऊल पडते ते ते अंडबीज परिपक्व होताना, म्हणजे पंधरा, पंचवीस, कधी चाळीस वर्षांनी.

परळच्या वाडिया प्रसूतिगृहात आज तिशीतल्या बाईच्या पोटी जन्मणाऱ्या बाळाला आईकडून मिळालेला गुणसूत्रांचा संच कसा जोडला जाणार, हे तीस वर्षांपूर्वीच, ती स्वतः तिच्या आईच्या पोटात असताना ठरून गेलेले असते.

एवढा काळ ही गुंतलेली जोडी टिकवून धरायची तर फुल्यांचा आधार लागतो. अदलाबदल ही विविधतेसाठी असते, असे पाठ्यपुस्तक सांगते. ते खरेच, पण पेशीच्या दृष्टीने तिचे तातडीचे काम वेगळे आहे. विभाजनाच्या वेळी जोडीदार गुणसूत्रे एकमेकांत गुंतलेली असतील तरच ती दोन बाजूंना नीट ओढली जातात. म्हणून प्रत्येक जोडीत किमान एक तरी अदलाबदल व्हावी लागते. पुरुषांतल्या एक्स आणि वाय या बेमेळ जोडीतही टोकाच्या छोट्याशा समान पट्ट्यात ती होते. २१व्या जोडीत अदलाबदल झालीच नाही किंवा फार टोकाला झाली, तर दोन्ही गुणसूत्रे एकाच अंडबीजात जाण्याचा धोका वाढतो. डाऊन सिंड्रोम असलेल्या बहुतेक मुलांत जास्तीचे २१वे गुणसूत्र आईच्या बाजूने आलेले असते. आईचे वय वाढते तसा हा धोका वाढतो, कारण जोडी धरून ठेवणारी प्रथिने इतक्या वर्षांत झिजतात. यात आईच्या हातून काही चुकलेले नसते, हे रुग्णालयांत पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

अंतर कमी, तर ताटातूट कमी?

लोकलचेच उदाहरण पुढे नेऊ. पहिला आणि बारावा डबा यांच्यामध्ये कुठेही कापले तरी ते दोघे वेगळे होतात. सातवा आणि आठवा वेगळे व्हायचे तर काप नेमका त्यांच्या मधोमधच पडायला हवा. म्हणजे दोन जनुके जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट जास्त वेळा. कोलंबिया विद्यापीठात मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत शिकणाऱ्या अल्फ्रेड स्टर्टेव्हंट या तरुणाने हीच गोष्ट उलटी वापरली. ताटातूट किती वेळा होते हे मोजले तर अंतर काढता येईल. १९१३ साली त्याने फळमाशीच्या एक्स गुणसूत्रावरच्या सहा जनुकांचा नकाशा प्रसिद्ध केला. माणसात ढोबळ हिशेब असा, की दहा लाख अक्षरांचे अंतर असेल तर शंभर बीजांत सुमारे एकात ताटातूट होते.

परळचा रक्तगट इथे पुन्हा येतो. खुंटी बनवणाऱ्या एफयूटी१ला एक जुळा भाऊ आहे, एफयूटी२. तो लाल पेशींऐवजी लाळ आणि इतर स्रावांत ‘एच’ बनवतो. दोघे १९व्या गुणसूत्रावर जेमतेम चाळीसेक हजार अक्षरांच्या अंतरावर आहेत. १९९० च्या दशकात जपानमधल्या संशोधकांनी भारतीय ‘बॉम्बे’ गटाच्या व्यक्तींचा डीएनए वाचला तेव्हा दोन दोष एकत्र सापडले. एफयूटी१मध्ये ७२५व्या जागी एका अक्षराचा बदल, आणि शेजारचे एफयूटी२ तर अख्खेच गायब.

वरचा हिशेब लावला तर एवढ्याशा अंतरात अदलाबदल होण्याची शक्यता सरासरीने अडीच हजार पिढ्यांत एकदा. म्हणून हे दोन दोष एका तुकड्यावर बसून पिढ्यान्‌पिढ्या सोबत प्रवास करत आले आहेत. हिंदी महासागरातल्या फ्रेंच रियुनियन बेटावर भारतातून मजूर गेले होते. त्यांच्या वंशजांमधल्या ‘बॉम्बे’ गटातही हीच जोडगोळी सापडली. समुद्र ओलांडला, भाषा बदलली, पण हा तुकडा फुटला नाही. एवढे दुर्मीळ दोन दोष नेमके सोबत आणि अनेक ठिकाणी सापडतात, यावरून तो तुकडा कधी तरी एकाच पूर्वजापासून पसरला असावा, हा अंदाज बळकट होतो. डॉ. भाटिया आणि एल. डी. संघवी यांनी १९६२ सालीच ‘बॉम्बे’ गट आणि नात्यातली लग्ने यांचा संबंध मांडला होता. एकाच पूर्वजाचा तुकडा आईकडून आणि वडिलांकडून असा दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता नात्यात लग्न झाले की वाढते, हे त्यामागचे साधे गणित.

जोडी चुकीच्या जागी जुळली तर?

एफयूटी२ गायब झाले कसे, याचे उत्तर या सगळ्या गोष्टीला एक वेगळेच वळण देते. मानवी डीएनएत ‘आलू’ नावाचा सुमारे तीनशे अक्षरांचा तुकडा दहा लाखांहून जास्त वेळा विखुरलेला आहे. भाजीशी त्याचा काही संबंध नाही, तो कापणाऱ्या विकराच्या नावावरून हे नाव आले. या प्रती एकमेकींसारख्या दिसतात. आता लोकलमध्ये लेडीज डबा एकच नसतो, पुढे असतो, मध्येही असतो. जुळवणाऱ्याने एका गाडीचा पुढचा लेडीज डबा दुसऱ्या गाडीच्या मधल्या लेडीज डब्याशी लावला आणि तिथे कापले, तर एका गाडीतून मधले काही डबे जातात आणि दुसरीत ते दुप्पट होतात. एफयूटी२च्या दोन बाजूंना अशाच आलूच्या प्रती आहेत. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तुटलेल्या जागेची अक्षरे वाचून दाखवण्यात आले, की त्या दोन प्रतींमध्ये चुकीची जोडी जमून मधली सुमारे दहा हजार अक्षरे गळाली. ज्या कुणा पूर्वजाच्या बीजपेशीत हे घडले असेल त्याला त्याचा पत्ताही लागला नसणार. लाळेत ‘एच’ नसल्याने माणसाचे रोजच्या आयुष्यात काही अडत नाही.

हीच चूक हिमोफिलियात मात्र फार महाग पडते. रक्त गोठवणाऱ्या ‘फॅक्टर ८’चे जनुक एक्स गुणसूत्राच्या टोकापाशी आहे. त्याच्या पोटातल्या एका तुकड्यासारखेच आणखी दोन तुकडे काही लाख अक्षरे पलीकडे आहेत. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स असतात, त्यामुळे हा पट्टा आपल्या जोडीदाराशी सरळ जुळून राहतो. पुरुषाकडे एक्स एकच. त्याच्या बहुतेक लांबीला जोडीदारच नाही, म्हणून तो स्वतःवरच दुमडू शकतो आणि आपल्याच पलीकडच्या तुकड्याशी अदलाबदल करून बसतो. परिणामी जनुकाचा अर्धा भाग उलटा होतो. तीव्र हिमोफिलिया-ए असलेल्यांपैकी जवळपास निम्म्या रुग्णांत मूळ दोष हाच असतो आणि तो बहुतेक वेळा कुणा पुरुषाच्या बीजात जन्मतो. म्हणजे आजोबा धडधाकट, मुलगी वाहक, आणि गुडघ्यात रक्त साचून रडणारा नातू. ‘आमच्या घराण्यात तर कुणालाच नव्हते’ हे वाक्य अशा कुटुंबांत ऐकू येते. ते खोटे नसते.

मग आई ‘बी’, वडील ‘ओ’ आणि मूल ‘ए’?

आता शीर्षकातला प्रश्न. इथे अदलाबदल चुकीच्या जागी झालेली नाही, अगदी अचूक जागी झाली आहे. फक्त ती एका जनुकाच्या पोटात, म्हणजे डब्याच्या मधोमध, झाली आहे.

‘ओ’चे जनुक हे बहुतांशी ‘ए’चेच जनुक असते. त्याच्या पुढच्या भागात, २६१व्या जागी, एक अक्षर गळालेले असते. तिथून पुढचे सगळे वाचन सरकते आणि विकर तयारच होत नाही. मागचा भाग मात्र ‘ए’सारखाच शाबूत असतो, वाचला जात नाही इतकेच. ‘बी’च्या जनुकाचा पुढचा भाग ठणठणीत असतो. ‘ए’पासून त्याला वेगळे करणारे फरक मागच्या भागात असतात. आईकडे एक ‘बी’ आणि एक ‘ओ’ आहे. तिच्या अंडबीजात या दोघांच्या मधोमध अदलाबदल झाली, तर पुढचा भाग ‘बी’चा, मागचा ‘ओ’चा, असे जनुक तयार होते. पुढे अक्षर गळालेले नाही, त्यामुळे वाचन सुरळीत, आणि मागे ‘ए’चा मजकूर. तयार होतो तो चालता-फिरता ‘ए’.

१९९७ साली जपानी संशोधकांनी पितृत्वाच्या तपासणीतले नेमके असे प्रकरण प्रसिद्ध केले. आई ‘बी’, वडील ‘ओ’, मूल ‘ए’. इतर सर्व चाचण्या तोच पिता असल्याचे सांगत होत्या. जनुकाची अक्षरे वाचल्यावर मुलाच्या जनुकात आईच्या ‘बी’ आणि ‘ओ’चा सांधा सापडला. असे क्वचितच घडते. पण रक्तगटाच्या तक्त्यावरून कुणाच्या आईविषयी निष्कर्ष काढणाऱ्याला ‘क्वचित’ या शब्दाचा आधार घेता येत नाही. आज पितृत्वाच्या तपासणीत डीएनएवरच्या अनेक खुणा एकत्र पाहतात. एखादी खूण जुळली नाही तरी लगेच नकार देत नाहीत. तोल पाहिला जातो तो सगळ्या खुणांचा मिळून.

कुटुंबांनी काय लक्षात ठेवायचे?

आनुवंशिक आजाराच्या गर्भचाचणीत पूर्वी नेमका दोष माहीत नसला तर त्याच्या शेजारची एखादी खूण पाहून अंदाज बांधत. खूण आणि दोष सोबत जातात या भरवशावर. पण दोघांमध्ये अदलाबदल झाली तर अंदाज चुकणार. शंभर बीजांत पाच वेळा ताटातूट होत असेल, तर शंभर निदानांत पाच चुका. म्हणून दोषाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा पाहायची पद्धत आली. आता शक्य तिथे थेट दोषच वाचला जातो. तरीही चाचणीचा अहवाल हातात आला की ‘हे थेट तपासले आहे की खुणेवरून?’ हा प्रश्न समुपदेशकाला विचारायला हरकत नाही.

‘बॉम्बे’ गटाचे म्हणाल, तर तो कळायची सोपी वाट आहे. नुसत्या लाल पेशी तपासल्या तर तो ‘ओ’ म्हणून निसटतो. रक्ताचा द्रव भागही तपासला आणि त्यात ‘ओ’च्या पेशी टाकून पाहिल्या, तर गुठळ्या होतात आणि तो पकडला जातो. आयुष्यभर ‘ओ’ म्हणून वावरलेल्या माणसाला रक्त द्यायची वेळ आली आणि ‘ओ’ची प्रत्येक पिशवी बेमेळ ठरू लागली, तर रक्तपेढीने आधी हीच शंका घ्यायची असते. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर अशा रुग्णाचे स्वतःचे रक्त आधीच काढून साठवता येते. तातडीच्या वेळी मात्र दाता शोधावा लागतो. हे रक्त कुणाही रुग्णाला चालू शकते, पण दहा हजारांत एकाकडे असणारी पिशवी ज्याला दुसरे काहीच चालत नाही त्याच्यासाठीच ठेवणे बरे.

नातेवाईकांची धावपळ सुरू होते तेव्हा पहिले पुढे येतात ते आई-वडील. त्यांचे रक्त बहुधा उपयोगाचे नसते. दोघांकडे एक-एक चांगले एफयूटी१ असल्याने दोघांच्याही पेशींवर ‘एच’ असतो. भावंडांचे तसे नाही. आईकडून दोषाचा तुकडा मिळण्याची शक्यता दोनात एक, वडिलांकडूनही दोनात एक, म्हणजे दोन्हीकडून मिळून चारात एक. आणि तो तुकडा न फुटता येत असल्याने भावंडाला मिळाला तर तसाच्या तसा मिळतो. दहा हजारांत एक शोधण्याआधी रक्तपेढीत सख्ख्या भावाबहिणींना बोलवायचे असते.